अपघातानंतर नवीन सायकल बांधायची तर आधी काय आणि नंतर काय

पडलो, हाड मोडलं, घरात बसून कंटाळा आला म्हणून मोबाईलवर सेल बघून फ्रेम मागवली, जरा बरं वाटल्यावर जुन्या सायकलचे पार्ट काढून तिच्यावर चढवले आणि पहिल्याच आठवड्यात खांदा परत धरला. हे मी बऱ्याच जणांकडून ऐकलंय आणि यातली निम्मी चूक मी स्वतः केलीये, म्हणून सगळं क्रमाने लिहून काढतेय.

माझं डावं कॉलरबोन मोडलं होतं. इकडे कोकणात गुहागरहून पालशेतकडे जाताना उतारावर, श्रावणात, कडेच्या झाडाखाली शेवाळ धरलेलं त्यावरून पुढचं चाक सरकलं. त्यामुळे खाली खांद्याची उदाहरणं जास्त येतील. तुमचं मनगट, कंबर किंवा गुडघा असेल तर मापं बदलतील, क्रम बदलणार नाही. क्रम असा: शरीर, मग जुन्या सायकलचा निकाल, मग मापं, मग फ्रेम, मग बाकीचे पार्ट आणि जोडणी सगळ्यात शेवटी. बहुतेक जण चौथ्या पायरीपासून सुरुवात करतात.

टप्पा १: आधी खांदा, मग पाना

डॉक्टरांना नुसतं "सायकल चालवू का" असं विचारू नका, ते हो म्हणतील किंवा नाही म्हणतील आणि तुम्हाला उपयोगाचं काहीच कळणार नाही. सुटे प्रश्न विचारा. एक्स-रेमध्ये हाड पूर्ण जुळलंय का? हातावर शरीराचा भार टाकू का, कारण हँडल धरलं की तोच भार येतो. त्या हाताने जोर लावून पाना आवळू का? प्लेट बसवलेली असेल तर परत पडल्यावर काय होऊ शकतं? मोठ्या माणसाचं कॉलरबोन जुळायला साधारण ६ ते १२ आठवडे जातात पण प्रत्येकाचं वेगळं, म्हणून कॅलेंडर बघून ठरवू नका.

पान्याचा प्रश्न कोणी विचारत नाही. सायकल चालवायला अजून वेळ आहे, बांधायला काय हरकत, असं आपण धरून चालतो. बॉटम ब्रॅकेट (दोन्ही पायडलचे दांडे ज्यावर फिरतात ती फ्रेमच्या तळातली बेअरिंग) आवळायला ३५ ते ५० न्यूटन मीटर टॉर्क लागतो, म्हणजे एक फूट लांबीच्या पान्याच्या टोकाला १२ ते १७ किलो वजन टांगण्याइतका जोर, आणि तो वाकून, तिरक्या खांद्याने लावायचा असतो. माझं पहिलं दुखणं सायकलवर बसून नाही, पाना ओढूनच उपटलं. जड आवळाआवळी दुसऱ्याकडून करून घ्या, मी चुलतभावाला बसवला होता.

तपासा: दोन्ही तळवे भिंतीला लावून पुढे झुकून २ मिनिटं उभं राहता येतंय का. उजव्या खांद्यावरून मान वळवून मागचं दिसतंय का, आपल्याकडे मागची गाडी त्याच बाजूने येते. ब्रेकची मूठ दाबून ३० सेकंद धरता येतेय का. यातलं एकही दुखत असेल तर मापं घेऊ नका, दुखऱ्या शरीराचं माप चुकीचं येतं.

सावधान: डोक्याला मार लागला असेल तर चक्कर, डोकेदुखी, उजेडाचा त्रास हे सगळं जाऊन डॉक्टरांनी मोकळीक देईपर्यंत सायकलवर बसायचं नाही, अंगणातसुद्धा.

टप्पा २: जुन्या सायकलचे तीन ढीग

पडलेल्या सायकलचे पार्ट सरसकट नव्या फ्रेमवर चढवणं ही सगळ्यात महागात पडणारी काटकसर. सगळं खोलून अंगणात तीन ढीग करा: भंगार, तपासायचं, चालेल.

हेल्मेट न बघता भंगारात. आतला थर्माकोलसारखा फोम एकदाच दबण्यासाठी बनवलेला असतो, बाहेरून ओरखडा दिसला नाही तरी आतून तो दबलेला असू शकतो. आणि टाकण्याआधी त्याचे पट्टे कापा, नाहीतर भंगारवाल्याकडून ते कुणाच्यातरी पोराच्या डोक्यावर जाईल.

हँडल आणि स्टेम (हँडल चिमट्याच्या दांड्याला जोडणारा तुकडा) अॅल्युमिनियमचे असतील आणि मार तिथे बसला असेल तर भंगार. वाकलेलं अॅल्युमिनियम सरळ करून देणारे गॅरेजवाले भेटतात, सरळ होतंही, पण धातू तिथे कमजोर झालेला असतो आणि पुढे कधीतरी काही न सांगता तुटतो. समोरून धडक असेल तर चिमट्याचंही (पुढचं चाक धरणारा फोर्क) तेच. कार्बनचा कुठलाही पार्ट असेल तर टकटक वाजवून निर्णय घेऊ नका, कार्बनचं काम करणाऱ्या माणसाला दाखवा नाहीतर टाका.

तपासायच्या ढिगात क्रँक (पायडल ज्याला लागतं तो दांडा), पायडल, सीटच्या दांड्या, ब्रेकच्या मुठी, डिस्क (ब्रेकची चकती), मागचा डिरेलर (चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणारा पार्ट), चाकं. पायडल फिरवून बघा, एक्सल वाकला असेल तर डोलतं. चाक आऊट असेल तर स्पोक ओढून सरळ होतं, पण रिमला घडी पडली असेल तर नको. केबल आणि त्यांच्या नळ्या कुठल्याच ढिगात ठेवू नका, त्या नवीनच घ्यायच्या.

जुनी फ्रेम वापरायची इच्छा असेल तर दोरीने बघा. मागच्या एका ड्रॉपआऊटला (चाकाचा एक्सल बसतो ती खाच) पक्की दोरी बांधून ती हेड ट्यूबला (हँडलखालची पुढची आखूड नळी) वळसा घालून दुसऱ्या ड्रॉपआऊटला आणून ताठ बांधा, आणि दोन्ही बाजूंनी दोरी सीट ट्यूबपासून (सीटखालची उभी नळी) किती लांब आहे ते मोजा. फरक १-२ एमएमपेक्षा जास्त आला तर फ्रेम वाकलीये. मग डाऊन ट्यूबच्या (हेड ट्यूबपासून बॉटम ब्रॅकेटकडे उतरणारी नळी) खालच्या अंगाला, हेड ट्यूबच्या अगदी मागे, बोट फिरवा. रंगाला सुरकुती लागली तर ती फ्रेम संपली. माझी इथेच संपली होती, डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं, बोटाला लागलं.

टप्पा ३: आत्ताच्या शरीराची मापं

जुन्या सायकलची मापं उतरवून काढू नका. दुखापतीनंतर खांदा थोडा आखडतो, मान कमी वळते, हात तेवढा लांब जात नाही, आणि पुढच्या ६ महिन्यांत हे परत बदलणार. म्हणून सायकल अशी बांधायची की तिला वर-खाली, पुढे-मागे करायला जागा राहील.

अनवाणी भिंतीला पाठ लावून उभं राहा, दोन पायांच्या मध्ये जाड वही सीटसारखी वर दाबून धरा, वहीच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत माप घ्या. त्याला ०.८८३ ने गुणलं की बॉटम ब्रॅकेटच्या मध्यापासून सीटच्या वरपर्यंतची उंची येते. माझं ७८ सेंटीमीटर, म्हणजे ६८.९ च्या आसपास. पण सुरुवातीला मी त्यापेक्षा २ सेंटीमीटर खाली ठेवली, थांबताना पाय पटकन टेकायला. भीती असते तेव्हा हे फार कामाचं.

हँडल सीटच्या बरोबरीने किंवा थोडं वर. त्यासाठी ६० ते ८० एमएमचा आखूड, वर उचललेला स्टेम आणि खाली ३-४ सेंटीमीटर स्पेसर (उंची वाढवायच्या चकत्या) बसतील एवढा लांब स्टिअरर (चिमट्याचा वर जाणारा दांडा) असलेला चिमटा. दुकानात चिमटा घेतानाच सांगा की स्टिअरर कापू नका. त्यांना कापून द्यायची सवय असते आणि कापलेला परत वाढत नाही.

टप्पा ४: फ्रेम हातात आल्यावरच बाकीची खरेदी

सेलमध्ये गिअरचा सेट आधी घेतला आणि मग त्याला फ्रेम शोधली की काहीतरी बसत नाहीच. आधी फ्रेम घरी आणा, व्हर्नियरने मोजा, कागदावर लिहा: बॉटम ब्रॅकेट शेलची (ती बेअरिंग ज्यात बसते त्या नळीची) रुंदी आणि आटे आहेत की प्रेसफिट (आट्यांशिवाय दाबून बसवायचं), सीटपोस्टचा (सीटच्या खांबाचा) व्यास, हेड ट्यूबचा प्रकार, मागच्या ड्रॉपआऊटमधलं अंतर, ब्रेक कुठला बसतो, टायरला जागा किती. तो कागद घेऊन खरेदीला जायचं. मुंबईला काळबादेवीत जाणार असाल तरी हाच कागद खिशात हवा, "माउंटन बाइकचा द्या" म्हणून काम होत नाही.

फ्रेम कुठली? आपल्याकडे खाऱ्या वाऱ्याचा विचार आधी करा. अॅल्युमिनियमला गंज तसा धरत नाही. क्रोमोलीची (क्रोमियम आणि मॉलिब्डेनम मिसळलेलं स्टील) फ्रेम रस्त्याचे हादरे बऱ्यापैकी सोसते, दुखऱ्या खांद्याला बरी वाटते, पण ती आतूनही गंजते आणि बाहेरून कळत नाही. मी स्टील घेतली आणि जोडणीच्या आधी सगळ्या नळ्यांत रंगाच्या दुकानातलं डबल बॉइल्ड जवसाचं तेल ओतून, फ्रेम सगळीकडे फिरवून, उलटी टांगून ३-४ दिवस सुकवली.

सावधान: त्या तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. पसरून उघड्यावर वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

आता गिअर. आपले रस्ते खाडीपासून सड्यावर (वरच्या कातळाच्या पठारावर) चढतात आणि लगेच परत खाडीत उतरतात, वेळणेश्वर, हेदवी या बाजूला गेलं की सपाट असं फारसं मिळतच नाही. उभं राहून हँडल ओढत चढणं खांद्याला परवडत नाही, म्हणून बसून चढता येईल असा गिअर हवा: पुढे २२ ते ३० दात, मागे सगळ्यात मोठं दातेरी चाक ३४ किंवा ३६. आणि ज्यांचा डावा हात किंवा मनगट कमजोर आहे त्यांनी पुढे एकच चेनरिंग (क्रँकवरचं दातेरी चाक) ठेवा, डाव्या मुठीवरचा शिफ्टर (गिअर बदलायचा खटका) निघूनच जातो. हा बदल मला सगळ्यात जास्त उपयोगी पडला आणि मला तो कोणी सुचवला नव्हता.

ब्रेकमध्ये हायड्रॉलिक डिस्कला बोटांचा जोर कमी लागतो, पण तेल बदलून देणारा माणूस जवळ आहे का ते आधी बघा. मी केबलवाला डिस्क घेतला, शृंगारतळीत केबल तरी मिळते. टायर ३५ ते ४० एमएम रुंद घ्या, पूर्ण गुळगुळीत नको.

टप्पा ५: जोडणी, याच क्रमाने

पावसाळ्यात बांधू नका, सगळं दमट असतं आणि घाई होते. तुळशीच्या लग्नानंतरचे दिवस चांगले. पडवीच्या तुळईला दोन दोऱ्या टांगून फ्रेम छातीच्या उंचीला लटकवा म्हणजे वाकायला लागत नाही, आणि खाली जुनं पांढरं धोतर अंथरा, पडलेला छर्रा किंवा वायसर लगेच दिसतो. हत्यारं: २ ते ८ ची अॅलन की, टी २५ (ताऱ्यासारख्या टोकाची चावी), १५ चा पाना, बॉटम ब्रॅकेटचं हत्यार, चेन तोडायचं, केबल कापायचं चांगलं कटर, आणि टॉर्क रेंच. बाकी सगळं उसनं चालेल, पण टॉर्क रेंच हवाच. हात बरा होत असताना आपला अंदाज चुकतो, कमजोर हाताला थोडं आवळलेलं पण घट्ट वाटतं.

५.१ हेडसेट (हेड ट्यूबमधली हँडल फिरवणारी बेअरिंग) आणि चिमटा. कप दुकानात प्रेसने बसवून घ्या. दगडाने किंवा हातोडीने ठोकलेला कप तिरका बसतो आणि मग हँडल कायम अडकतं.

५.२ बॉटम ब्रॅकेट आणि क्रँक. आटे असलेल्या नेहमीच्या शेलमध्ये उजव्या बाजूचे, म्हणजे चेनच्या बाजूचे, आटे उलटे असतात. आधी बोटांनी ३-४ वेढे फिरवा, बोटांनी जात नसेल तर पाना लावायचाच नाही, आटे गेले तर फ्रेम गेली. पायडलला बरोबर याच्या उलट, तिथे डाव्या पायडलचे आटे उलटे. दोन्हीकडे भरपूर ग्रीस.

५.३ चाकं आणि टायर. हवा टायरवर लिहिलेल्या मर्यादेत. ३८ च्या टायरला आणि सत्तरेक किलोच्या माणसाला मी ४५ ते ५० पीएसआयने सुरुवात करायला सांगते, पावसात ५ कमी.

५.४ सीटपोस्ट, सीट, स्टेम, हँडल. स्टीलच्या फ्रेममध्ये अॅल्युमिनियमचा सीटपोस्ट कोरडा घातला तर खाऱ्या हवेत दोन धातू एकमेकांना चिकटतात आणि वर्षा-दोन वर्षांत तो बाहेर येत नाही. अँटीसीझ (धातू चिकटू न देणारी पेस्ट) किंवा ग्रीस लावा आणि दर दोन महिन्यांनी काढून परत लावा. पोस्टवरची कमीत कमी आत जायची खूण फ्रेमच्या आतच राहिली पाहिजे.

स्टेमचा क्रम चुकवणारे खूप आहेत. बाजूचे बोल्ट ढिले ठेवून आधी वरच्या टोपीचा बोल्ट हलक्या हाताने, खळखळ जाईपर्यंतच. मग स्टेम चाकाच्या रेषेत, मग बाजूचे बोल्ट आळीपाळीने, पार्टवर लिहिलेल्या आकड्यापर्यंत, साधारण ५-६ न्यूटन मीटर. बाजूचे आधी आवळून टोपी पिळत बसलात तर हेडसेटचा ढिलेपणा तसाच राहतो आणि टोपीचे आटे जातात.

इथे थांबा. केबलला हात लावू नका. सायकल भिंतीला टेकवा, बसा, १० मिनिटं हँडल धरून बसा. खांदा, मान, मनगट काय म्हणतायत ते ऐका. हँडल वर घ्या, परत बसा. दुसऱ्या दिवशी परत बसा. मी हे ३ दिवस केलं आणि हँडल दीड सेंटीमीटर वर गेलं. आधी केबल कापून ठेवल्या असत्या तर त्या आखूड पडल्या असत्या, हँडल वळवल्यावर ताणल्या गेल्या असत्या, आणि नवीन सायकलवर हे सर्रास बघायला मिळतं. हँडल ठरल्यावरच केबल, आणि तीही पुढे अजून २ सेंटीमीटर हलवता येईल एवढी सैल.

५.५ ब्रेक. ब्रेकच्या केबलची नळी आणि गिअरची नळी दिसायला सारखी पण आतून वेगळी. ब्रेकच्या नळीत तार गोल गुंडाळलेली असते, गिअरच्या नळीत तारा उभ्या असतात. गिअरची नळी ब्रेकला लावली तर जोरात दाबल्यावर फाटू शकते. डिस्कला ग्रीसचा हात लागू देऊ नका. मुठी बोटांच्या जवळ आणायचा छोटा स्क्रू असतो, तो फिरवून मूठ एका-दोन बोटांनी दाबता येईल अशी करा. आपल्याकडे पुढचा ब्रेक बहुतेक उजव्या मुठीला असतो. तुम्हाला जी सवय आहे तीच ठेवा, घाबरल्यावर हात सवयीनेच दाबतात.

५.६ डिरेलर, चेन, केबल. चेन मोजताना ती डिरेलरमधून न घेता पुढच्या मोठ्या आणि मागच्या मोठ्या दातेरी चाकावरून फिरवा, जिथे टोकं मिळतात त्याच्या पुढे १ इंच ठेवून तोडा. मग केबल न जोडता डिरेलरवरच्या एच स्क्रूने मागच्या छोट्या चाकाची हद्द लावा, एल स्क्रूने मोठ्या चाकाची, आणि केबलचा ताण त्यानंतर. एल चुकला तर चढावर सगळ्यात हलका गिअर टाकताच डिरेलर स्पोकमध्ये जातो. हाताने डिरेलर आत ढकलून बघा, मोठ्या चाकाच्या पलीकडे जायला नको.

टप्पा ६: रस्त्यावर जायच्या आधी

पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे हलवा, हेडसेटमध्ये टकटक यायला नको. क्रँक धरून आडवं हलवा. चाकांचे क्विक रिलीज (चाक घट्ट धरणारे खटके) बघा. सायकल ४ बोटं उचलून सोडा आणि आवाज ऐका, काही खुळखुळलं तर शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका. टॉर्क रेंच घेऊन सगळे बोल्ट एकदा आज, एकदा उद्या सकाळी. हे दुसऱ्या माणसाकडून पण करून घ्या, स्वतः बांधलेल्या सायकलमध्ये स्वतःची चूक दिसत नाही.

टप्पा ७: पहिले १०० किलोमीटर

पहिला दिवस अंगण आणि घरासमोरचा रस्ता, १० मिनिटं. डिस्क असेल तर सपाट रस्त्यावर थोडा वेग घेऊन पूर्ण न थांबता वेग कमी करायचा, असं २० वेळा, मग ब्रेक नीट धरायला लागतो. हे न करता उतारावर गेलेले लोक मला माहीत आहेत. मग ५ किलोमीटर, मग एक दिवस आराम, दुसऱ्या दिवशी खांदा कसा आहे त्यावरून पुढचं. ५० किलोमीटरनंतर केबल ढिल्या पडतात, गिअर घसरायला लागतात, ती बिघाडाची खूण नाही, बॅरल अॅडजस्टर (केबलचा ताण कमी-जास्त करायची फिरकी) थोडा फिरवा. १०० झाल्यावर क्रँक, स्टेम आणि डिस्कचे बोल्ट परत.

ओहोटीला गुहागरच्या किनाऱ्यावर वाळू इतकी घट्ट आणि सपाट असते की सरावाला तीच जागा बरी असं वाटतं. नको. खारं पाणी आणि वाळू हबमध्ये, चेनमध्ये जाते आणि नवीन सायकलचे छर्रे एका महिन्यात वाजायला लागतात.

जिथे पडलात त्या जागी आधी चालत जा. मी दोनदा चालत गेले, पावसाळा संपल्यावर रस्ता कोरडा होता तरी छाती धडधडत होती, तिसऱ्यांदा सायकल हातात धरून उतरले, चौथ्यांदा बसून, अगदी हळू, ब्रेक वळणाच्या आधीच लावून. कुणी लाजवलं तरी घाई करू नका. झाडाखालची कडा, चिऱ्यांच्या गाडीतून सांडलेली लाल माती, साकवाचा (ओढ्यावरच्या छोट्या पुलाचा) ओला भाग, या तिन्ही ठिकाणी सायकल तिरकी करायची नाही आणि पुढचा ब्रेक ओढायचा नाही.

धोपाव्याहून दाभोळला फेरीने जाणार असाल तर सायकल कठड्याला न लावता मध्ये उभी करा आणि घरी आल्यावर गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसा, पाइपने फवारा मारू नका. चेन कोरडी करून चेनचंच तेल लावा, प्रत्येक कडीला एक थेंब, मग जास्तीचं पुसून टाका. खोबरेल लावणारे अजून आहेत, ते थंडीत थिजतं आणि धूळ धरून ठेवतं. आणि गंज सोडवायचा स्प्रे डिस्कच्या आसपास मारू नका, एक फवारा पॅडला लागला की ते पॅड बदलावे लागतात.